आरोग्याचीं मुळें

रोग झाला म्हणजे वैद्य बोलवावा आणि औषध घेतलें म्हणजे आरोग्य लाभतें, असें आपण सहज समजतों. परंतु जुलाबानें क्षीण झालेलें बालक औषधानें बरें होऊन घरीं जातें आणि महिन्याभरांत पुन्हा त्याच दुखण्यानें दवाखान्यांत येतें. असें कां व्हावें? औषध खोटें नव्हतें. घरचें पाणी मात्र पूर्वीचेंच होतें.

ह्या प्रश्नाचा विचार आपल्या महाराष्ट्रांतच एका दांपत्यानें कृतीनें केला. वेल्लोर येथें वैद्यक शिकलेले डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्यांनीं १९७० सालीं तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील जामखेड ह्या दुष्काळी भागांत कार्य आरंभिलें. रोगाचीं मुळें देहापेक्षां देहाबाहेरच अधिक पसरलेलीं आहेत, हें त्यांनीं ओळखलें. अशुद्ध पाणी, अपुरें अन्न व अज्ञान हीं तीन मुळें वरचीं; स्त्रियांची हीन दशा व जातिभेद हीं सर्वांत खोल. गांवच्या विहिरीला शिवण्याची ज्यास मनाई, त्यास स्वच्छतेचा उपदेश करून काय उपयोग? ज्या घरीं गरोदर सून सर्वांमागून उरलेंसुरलें खाते, तेथें बालक अशक्त जन्मलें तर नवल तें कोणतें?

म्हणून त्यांनीं केवळ दवाखाना वाढविला नाहीं. प्रत्येक गांवानें आपल्यांतील एक स्त्री निवडावी, तिनें जामखेडास येऊन शिकावें व परत जाऊन गांवास शिकवावें, अशी योजना केली. ह्यांतील पुष्कळ स्त्रिया निरक्षर, कित्येक दलित समाजांतील होत्या. सुरक्षित बाळंतपण, बालसंगोपन, जुलाबावर साखरमिठाचें पाणी, हें सारें त्यांनीं आत्मसात् केलें. जिचा स्पर्श टाळला जाई, तिलाच बाळंतिणीसाठीं बोलावणें येऊं लागलें. १९७९ सालीं ह्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ह्यावरून औषध व्यर्थ, असें मात्र समजूं नये. देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें, तें लसीमुळेंच. परंतु ती लसहि माणसानें माणसाच्या दारीं नेली, तेव्हांच गुणकारी ठरली.

विद्यार्थिमित्रांनो, सुटींत गांवीं जाल तेव्हां तीन गोष्टी पाहा: पाणी कोठून येतें, तें कोण वाहतें, आणि घरांत शेवटीं कोण जेवतें. गांवाच्या आरोग्याचा बराचसा हिशेब ह्या तीन उत्तरांत सांपडेल.