जुना लॅपटॉप मोडीत काढण्यापूर्वी



हिंगोली, वसमत, कळमनुरीत पुष्कळ दुकानांचा हिशेब जुन्या, संथ लॅपटॉपवर चालतो. ‘विंडोज १०’चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘विंडोज ११’ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. जुन्या यंत्रांत ती बहुधा नसते.

अशा यंत्रावर ‘लिनक्स मिंट’ची एक्सएफसीई आवृत्ती घालावी. ती मोफत आहे, त्यामुळे चोरटी प्रत वापरण्याचा दोषही लागत नाही. २ जीबी रॅमवर ती चालते. ४ जीबी असल्यास उत्तम. मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येतात.

मात्र टॅली विंडोजसाठीच बनलेली आहे. ज्यांचा हिशेब टॅलीत आहे, त्यांनी घाई करू नये.

इतरांनी क्रम असा ठेवावा :

१) सर्व हिशेबाची नक्कल वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

२) दुसऱ्या पेनड्राइव्हवरून मिंट नुसती चालवून पाहा, बिल छापून बघा.

३) सर्व जमले, तरच ती कायमची घाला. पूर्ण डिस्कवर घातल्यास जुने सारे पुसले जाते.

उधारीची वही म्हणजे गिऱ्हाइकाची अमानत. यंत्र नवे मिळेल. पुसलेला हिशेब मिळणार नाही.