यम सापडत नाही

लोणावळा, 13 जुलै

चि. ओंकार,

तुझी स्क्रिप्ट परवाच मिळाली, पण इथे चार दिवस पाऊस नुसता कोसळतोय. लाइट येते-जाते आणि इन्व्हर्टर दमलाय, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तू विचारलंस, ‘आत्या, मशीन उबंटूचं आहे आणि ते म्हणतंय यम सापडत नाही. उबंटूवर ते यमाला शोधतंयच कशाला?’ अरे, यम सापडला नाही ही आपल्याकडे पेढे वाटायची बातमी! पण प्रश्न बरोबर आहे, म्हणून काल रात्री तुझी फाइल ओळीओळीने वाचली.

पहिल्या ओळीत तू शेल म्हणून एसएच मागितलास आणि खाली अट मात्र दुहेरी चौकटी कंसात घातलीस. हा दुहेरी कंस बॅशचा. घरच्या रॉकी लिनक्सवर एसएच म्हणजे बॅशच, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत चाललं. उबंटूवर 2006 साली आलेल्या 6.10 आवृत्तीपासून एसएच म्हणजे डॅश. त्याला दुहेरी कंस माहीत नाही. त्याला वाटलं, ही एखादी कमांड असेल. ती मिळाली नाही तेव्हा त्याने कुरकुरत एक ओळ छापली आणि ‘इफ’ने अट खोटी ठरवली. अट खोटी म्हणजे गाडी ‘एल्स’मध्ये, आणि तिथे तू लिहून ठेवलंयस, यमने एचटीटीपीडी बसव. उबंटूला ‘तू उबंटू का’ असं आपण त्याला न कळणाऱ्या बोलीत विचारलं, आणि त्याच्या कुरकुरीला नकार समजलो. वर सेट मायनस ई होतंच, तरी स्क्रिप्ट थांबली नाही. इफच्या अटीत काही फसलं तर सेट मायनस ई तिकडे काणाडोळा करतं.

कंस दुरुस्त करणं दोन मिनिटांचं काम आहे. पहिल्या ओळीत बॅश माग, नाहीतर एकेरी कंस आणि बरोबरचं एकच चिन्ह वापर. शेलचेक नावाचं फुकट अवजार आहे, त्याने ही चूक तुला लगेच दाखवली असती. मला खटकला तो तुझा एल्स. उबंटू नसेल तर रेडहॅटच्या घरातलंच असणार, हे तुला कोणी सांगितलं?

आबा घाटात रेल्वेच्या नोकरीला होते तेव्हा कॅच साइडिंगबद्दल सांगायचे. तू लहान होतास, तुला आठवत नसेल. इथून कर्जतकडे उतरताना मध्ये मध्ये चढाकडे जाणारे आडवे फाटे आहेत. ब्रेक गेलेली गाडी त्या चढावर जाऊन आपोआप थांबावी म्हणून ते काढलेत. गंमत अशी की सांधे एरवी त्या फाट्याकडेच वळवलेले असतात. उतरणारी गाडी आधी थांबते, आपण ताब्यात आहोत हे दाखवते, मग सांधा मुख्य मार्गाला लागतो. थांबलीच नाही तर ती फाट्यावर जाते, खाली कर्जतला नाही. तुझ्या स्क्रिप्टमध्ये सांधा उलटा लावलाय. जे ओळखता आलं नाही ते सरळ मुख्य मार्गावर.

म्हणून इफ-एल्स काढ आणि केस लिही. ईटीसीमधली ओएस-रिलीज ही फाइल आज जवळजवळ प्रत्येक वितरणात असते. ती ग्रेप आणि कटने चिरत बसू नकोस. तू ज्यांची साइट बसवणार आहेस त्या पवनानगरच्या कॅम्पवाल्यांचं भाड्याचं मशीन अल्मालिनक्सचं आहे ना? तिथे आयडी अवतरणचिन्हांत असतो, उबंटूवर बिनचिन्हांचा. कटने काढलेल्या नावाला चिन्हं चिकटून येतात आणि तुलना फसते. फाइल टिंब देऊन शेलमध्येच ओढून घे, चिन्हं आपोआप गळतात. आयडी ओळखीचा नसेल तर आयडी-लाइक बघ. अल्मा तिथे रेडहॅट, सेंटओएस, फेडोरा असं आपलं कूळ सांगतं. 2021 च्या अखेरीस सेंटओएस 8 चा आधार संपला तेव्हा कितीतरी लोक अल्मा आणि रॉकीवर गेले. नुसतं ‘सेंटओएस’ हे नाव शोधणाऱ्या स्क्रिप्ट त्या वेळी आंधळ्या झाल्या. आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवर उभं आहे. नावाला अडून बसशील तर तिथेही अडशील. आणि केसच्या शेवटची तारांकित ओळ ही तुझी कॅच साइडिंग. तिथे एवढंच करायचं, ‘हे मशीन मला ओळखता येत नाही’ असं छापायचं आणि एक्झिट 1.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका कार्यालयात साइट बसवायला गेले होते. स्क्रिप्ट डेबियनवर शंभरदा चाललेली, त्यामुळे गुर्मीत होते. त्यांचं मशीन निघालं ओपनसुसेचं. माझ्या स्क्रिप्टमध्ये दोन ओळी होत्या. पहिली, सीडी करून व्हार, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, एचटीएमएल या फोल्डरमध्ये जा. दुसरी, तिथलं जुनं सगळं पुसून टाक. ओपनसुसेत साइटची जागा एसआरव्हीखाली एचटीडॉक्समध्ये असते. माझं फोल्डर तिथे नव्हतंच. सीडी फसली, एक ओळ छापली आणि शेल होतं तिथेच उभं राहिलं, म्हणजे रूटच्या घरात. दुसऱ्या ओळीने तिथलं पुसलं. त्या घरात त्यांनी डेटाबेसचे बॅकअप ठेवले होते.

डेटाबेस स्वतः शाबूत होता, म्हणून वाचले. पण शेवटची लोकल हुकली आणि रात्रभर त्यांच्या खुर्चीत बसून नवे बॅकअप काढले. सकाळी तिथल्या शिपाईकाकांनी चहा दिला आणि काही विचारलं नाही. तेव्हापासून सीडीपुढे ‘किंवा एक्झिट’ लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. पुसायचा मार्ग चलामध्ये असेल तर चल रिकामा आहे का तेही आधी तपासते.

तर सगळे फरक स्क्रिप्टच्या माथ्यावर एका जागी आण. डेबियन-उबंटूवर पॅकेज अपाची2, वापरकर्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. रेडहॅटकडे पॅकेज एचटीटीपीडी, वापरकर्ता अपाची. ओपनसुसेत पॅकेज अपाची2, पण वापरकर्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरन, मध्ये जोडरेघ नाही. केसमध्ये ही नावं चलांत भरायची आणि खाली फक्त चलं वापरायची. खाली कुठेही अपाची2 हा शब्द दिसला तर समज, शिवण उसवली.

नावं जुळली तरी स्वभाव वेगळे असतात. उबंटूवर अपाची बसवला की लगेच उठून कामाला लागतो. अल्मावर तो झोपलेला राहतो, सिस्टिमसीटीएलने एनेबल आणि स्टार्ट दोन्ही करावं लागतं. नुसतं स्टार्ट केलंस तर आज साइट दिसेल आणि मशीन पहिल्यांदा रीस्टार्ट झालं की गायब होईल. मावळातल्या पावसात एखाद्या शाळेच्या कपाटातल्या सर्व्हरवर तू हे केलंस, तर ‘पहिल्यांदा’ म्हणजे त्याच संध्याकाळी. मग फायरवॉलडी. मशीनवरून कर्ल केलं तर पान येतं, बाहेरून येत नाही, आणि माणूस अपाचीला शिव्या देतो. एचटीटीपी सेवा उघडी केलेली नसते एवढंच.

आणि एसईलिनक्स. आपल्या होममध्ये तयार केलेल्या फाइली तू एमव्हीने हलवतोस. एमव्ही फाइलीचं जुनं लेबल सोबत नेतं, सीपी नव्या जागेचं लावून घेतं. परवानग्या चोख असून 403 आलं तर आधी लेबल बघ आणि रिस्टोरकॉन चालव. कुणीतरी सांगेल, एसईलिनक्स बंदच करून टाक. त्याचं ऐकू नकोस.

अन्सिबलसारखं तयार अवजार का नाही, हे तू विचारणारच. वापर की! दहा मशीनं झाली की वापरच. पण ते अडलं की खाली हेच सगळं उघडं पडतं, आणि तेव्हा वाचता यायला हवं.

आता एक काम सांगते. दोन कोरी व्हर्च्युअल मशीनं घे, एक उबंटू, एक अल्मा. प्रत्येकावर स्क्रिप्ट दोनदा चालव, एकामागोमाग. तू ‘लिसन 80’ ही ओळ फाइलीच्या शेवटी नुसती चिकटवतोयस. दुसऱ्या फेरीत ती पुन्हा पडेल, आणि तीच ओळ दोनदा झाली की अपाची उठत नाही. आधी ग्रेपने बघ, नसेल तरच घाल. आणि रीस्टार्टच्या आधी कॉन्फिगटेस्ट.

दुसऱ्या फेरीत काय छापलं ते जसंच्या तसं पाठव, नीटनेटकं करून नको. कॅम्पवाल्यांना तोवर तारीख देऊ नकोस. रविवारी लोकलने येणार असशील तर वहिनीला सांग, वडगावचा इंद्रायणी तांदूळ संपलाय, पाच किलो दे.

तुझी,
आत्या