तासाभराची चाल आणि दिवसभराचे ताट

प्रश्न : वय ४२, वजन ८० किलो. दोन महिने पहाटे तासभर झपझप चालते. परतल्यावर भूक अनावर होते, वजन मात्र तसूभर हलत नाही. किती खावे?
— एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : आपल्या वजनाच्या व्यक्तीने तासभर झपाझप चालल्यास जे सुमारे ३०० उष्मांक खर्ची पडतात, ते एका वडापावाने बिनबोभाट वसूल होतात, हे ध्यानी घेतले म्हणजे आपल्या तक्रारीचे निम्मे निराकरण आपोआपच होते. व्यायामाचा खर्च आपण सढळ हाताने मांडतो आणि खाण्याची जमा लिहायला विसरतो. फोडणीतील तेलाचा लहानसा चमचाही ४५ उष्मांकांचा असतो, पण त्याची नोंद कोणत्या दप्तरी होते?

म्हणून प्रथम आठ दिवस, आहारात काडीचाही फेरफार न करता, चहातील साखरेसकट सर्व प्रामाणिकपणे टिपून ठेवा, आणि मग त्यातून दररोज ४०० ते ५०० उष्मांकच वजा करा; कारण किलोभर मेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असल्याने पंधरवड्यात किलोच्या आसपास घट हीच समंजस अपेक्षा होय. उपासमार मात्र नको, तीत स्नायूंचाही बळी जातो. फिरून आल्यावर मोड आलेली मटकी किंवा वाटीभर दही घ्यावे, त्याने भूक निवते. मधुमेहाची औषधे चालू असतील, तर हा फेरफार वैद्यकीय सल्ल्यानेच करावा.