कुलूप लावलेल्या घरांची मोजणी

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली आमची वस्ती रिकामी होऊ लागते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्या, भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं ट्रॅक्टरमध्ये घालून साखर कारखान्यांकडे निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. पट्टा पडल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, माणसं परततात. मधल्या काळात गावात म्हातारी माणसं राहतात आणि दारांना कुलपं. गावात कोणाला घरकुलाची जास्त गरज आहे, याची मोजणी आमच्याकडे बहुतेक वेळा याच दिवसांत झाली. माझ्या चुलतीच्या बाबतीत त्याचा काय परिणाम झाला, तो आधी सांगते. पुढे बचत गटाच्या कामात अशी बरीच कुटुंबं भेटली. त्यांच्याकडून जे शिकायला मिळालं, तेही इथे लिहिते, म्हणजे पुढच्यांची वर्षं वाया जाणार नाहीत.

काकीला जमीन नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. पदरी एक मुलगी. काकीला अक्षर ओळखता येत नाही. दगडमातीच्या भिंती, माळवदाचा अर्धा भाग खचलेला, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि कागदावर दगड. उसाच्या फडात ती अर्धा कोयता म्हणून जाते, म्हणजे जोडीच्या निम्मी मजुरी. वस्तीत कोणालाही विचारा, पहिलं घरकुल कोणाला मिळायला हवं, तर बोट तिच्याच दाराकडे जाईल.

नियमही तेच सांगतो. इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण आली आणि निवडीचा पाया म्हणून २०११ची सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणना धरली गेली. आधी बेघर कुटुंबं. मग ज्यांच्या भिंती आणि छत दोन्ही कच्चं आहे अशी शून्य, एक आणि दोन खोल्यांची घरं, याच क्रमाने. त्यातही निराधार, भिक्षेवर जगणारे, हाताने मैला वाहणारे, आदिम जमातींची कुटुंबं आणि वेठबिगारीतून कायद्याने सोडवलेले लोक सर्वांत पुढे. त्यांच्यानंतर वंचिततेचे निकष मोजले जातात. घरात सोळा ते एकोणसाठ वयाचं कोणी नाही, किंवा बाई कुटुंबप्रमुख आहे आणि त्या वयाचा पुरुष नाही, पंचविशीच्या पुढचं कोणी साक्षर नाही, अपंग व्यक्ती आहे आणि कमावतं धडधाकट माणूस नाही, जमीन नाही आणि मजुरीवरच पोट आहे. असे निकष जितके जास्त लागू, तितका क्रमांक वर. अनुसूचित जाती-जमातींच्या, अल्पसंख्याकांच्या आणि इतरांच्या याद्या वेगळ्या असतात. काकीला यातले तीन निकष सरळ लागू होतात. मला हा नियम मनापासून चांगला वाटतो. ज्याच्या मागे कोणी नाही, त्याला पुढे घ्यायचं, इतकी साधी आणि माणुसकीची गोष्ट त्यात आहे.

अडलं ते मोजणीत. २०११ साली काकीचे यजमान हयात होते आणि घर एकत्र होतं, म्हणून कुटुंब एकच लिहिलं गेलं. पुढे ते गेले, भाऊ वेगळे झाले, माळवद पावसात खचलं. यादी मात्र मोजणीच्या दिवशी होती तशीच राहिली. त्या गणनेत आणखी एक बारकावा होता. पत्रा पक्क्या छतात धरला गेला. मातीच्या भिंतींवर चार पत्रे टाकून पावसापासून लेकरं वाचवणारी कुटुंबं त्यामुळे बाहेर पडली. कर्ज काढून पत्रे आणले म्हणून घर गेलं, असं सांगणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांना काय उत्तर द्यावं हे मला आजही कळत नाही.

सुटलेल्यांसाठी जानेवारी २०१८ ते मार्च २०१९ या काळात 'आवास प्लस' सर्वेक्षण झालं. आपल्याकडे ते प्रपत्र ड म्हणून ओळखलं जातं. पाहणीसाठी माणूस वस्तीवर आला तेव्हा काकी फडात होती. कुलूप पाहून शेजारी चौकशी झाली. रेशनकार्ड दिरासोबत, रोजगार हमीचं जॉबकार्डही एकच, तेव्हा काकी दिराच्या कुटुंबातली एक व्यक्ती म्हणून नोंदली गेली. दीर मुकादम, त्याच्या नावावर जीप. यादी आली तेव्हा ते सगळं कुटुंब अपात्र, कारण चारचाकी वाहन. ज्या बाईने आयुष्यात स्वतःची सायकलही घेतली नाही, तिचं घर जीपमुळे गेलं.

तालुक्याच्या कार्यालयात आम्हाला सांगितलं, "बाई, सिस्टिमनं उडवलंय. आमच्या हातात काही नाही." काकीने विचारलं, "मग ती शिष्टीम कुठं बसती? तिकडं जाऊ आपण." टेबलावरच्या माणसाने पुढचा कागद ओढला. तिचा प्रश्न मला अजूनही बरोबर वाटतो. निर्णय घेणारी जागा कोणती, हे अर्जदाराला सांगितलंच पाहिजे, आणि ती जागा आहे. ग्रामसभेने मंजूर केलेल्या यादीत नाव सुटलं असेल किंवा क्रम चुकला असेल, तर जिल्हा पातळीवर अपील समितीकडे दाद मागता येते. आम्हाला ते त्या दिवशी कोणी सांगितलं नाही. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मागमूस राहत नाही. म्हणून नाव का वगळलं याचं कारण लेखी मागा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख पाहा. कारण लेखी मिळालं नाही तर माहिती अधिकारात मागा. आम्ही तसं केलं, तेव्हा निदान 'वाहन' हा शब्द कागदावर आला. त्यावर उत्तर देता आलं की वाहन दिराचं आहे आणि चूल वेगळी आहे. पण पोर्टल बंद आहे, नवं कुटुंब आता जोडता येणार नाही, असं कळवण्यात आलं.

त्या काळात काकीचे कागद मात्र वेगळे करून घेतले, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं काम तेच. वेगळी चूल असेल तर रेशनकार्ड विभक्त करा. जॉबकार्ड स्वतःच्या नावाने काढा, कारण आवास प्लसच्या नोंदीत त्याचा क्रमांक लागतो. ज्या पडक्या भिंतीत राहता, तिची नमुना नंबर ८ला नोंद आहे का आणि कोणाच्या नावाने आहे, हे ग्रामपंचायतीत जाऊन बघा. आधारवरचं नाव आणि बँकेच्या पासबुकावरचं नाव अक्षरशः जुळू द्या. माहेरचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे असेल तर हप्ता अडकतो. विधवा, परित्यक्ता आणि एकल बायकांनी हे सर्वांत आधी करावं. एकत्र कार्डावर त्यांचं दारिद्र्य दिसतच नाही. ते जेठाच्या ट्रॅक्टरखाली नाहीतर दिराच्या जीपखाली झाकलं जातं.

२०२५च्या जानेवारीत नवं सर्वेक्षण सुरू झालं. पुन्हा तोडणीचा हंगाम. या वेळी स्वतःच्या मोबाइलवरून नोंद करायची सोय होती, पण घराचा फोटो घराजवळूनच काढायचा आणि चेहऱ्याची ओळख पटवायची, म्हणजे माणूस गावात हवाच. मी काकीला फोन केला. तिने मुकादमाची मनधरणी केली, मजुरी बुडवली, एसटीने आली, नोंद करून दुसऱ्या दिवशी परत फडात गेली. शेजारच्या कोप्यांतल्या बाकीच्या बायांना ते जमलं नाही. कोणाचं लेकरू तान्हं, कोणाची उचल इतकी फिटायची बाकी की मुकादम सोडेना. मुदत पुढे वाढवली गेली, पट्टा पडल्यावर आलेल्या काहींची नोंद त्यात झाली, तेवढंच. ज्या तालुक्यांतून हजारो माणसं सहा महिने बाहेर असतात, तिथे घरांची मोजणी जून ते सप्टेंबरमध्येच व्हायला हवी. ही सवलत नव्हे. गरिबातला गरीब आधी, हा सरकारचाच नियम पाळायचा असेल तर दुसरा मार्ग नाही.

नव्या निकषांबद्दल वस्त्यांवर बरीच भीती पसरवली जाते, तिच्यापासून सावध राहा. पूर्वी मोटारसायकल, फ्रिज किंवा घरातला लँडलाइन फोन असला तरी कुटुंब बाद व्हायचं. २०२४मध्ये हे तिन्ही निकष काढून टाकले आणि महिन्याच्या कमाईची मर्यादा दहा हजारांवरून पंधरा हजार केली. तीनचाकी-चारचाकी वाहन, यांत्रिक शेती अवजारं, पन्नास हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, सरकारी नोकरी, आयकर किंवा व्यवसाय कर, अडीच एकर किंवा जास्त बागायत, पाच एकर किंवा जास्त कोरडवाहू, हे अजूनही लागू आहेत. "तुझ्याकडे गाडी आहे, नाव उडेल, पाच हजार दे, मी बघतो," असं म्हणणारा माणूस आमच्याकडेही फिरला. जुन्या फटफटीच्या भीतीने एका घराने त्याला पैसे दिले. नोंदीला, यादीला, मंजुरीला एक पैसाही लागत नाही. कोणी मागितले तर देऊ नका, आणि कोणी मागितले ते ग्रामसभेत नाव घेऊन सांगा.

यादी खरी ठरते ती ग्रामसभेत. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर जण, यांतली कमी असेल ती. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. जानेवारीत निम्मं गाव बाहेर असताना सभा तहकूब होते, मग पाचपंचवीस माणसांत यादी वाचली जाते, कधी वाचलीही जात नाही. काकीचं नाव दिराच्या नावाखाली गेलं, ते तिथेच कोणाला तरी खटकलं असतं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे, तिथे यादी मोठ्याने वाचायला लावा. प्रत्येक नावापुढचा क्रमांक आणि तो का मिळाला हे विचारा. मधला क्रमांक ओलांडून खालच्याला मंजुरी मिळाली तर त्याचं कारण प्रोसिडिंगमध्ये लिहायला सांगा. सही करण्याआधी प्रोसिडिंग वाचून घ्या. कोऱ्या पानावर अंगठा देऊ नका.

केंद्राच्या यादीत नाव नाही म्हणजे सगळी दारं बंद, असं समजून अनेकजण घरी बसतात. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, पारधी समाजासाठी पारधी आवास, विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि २०२३पासून इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास, या राज्याच्या योजना वेगळ्या आहेत. जातीचा दाखला आधीच काढून ठेवा, कारण ऐनवेळी तो मिळत नाही. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजनेतून मदत मिळते. ती पूर्वी पन्नास हजारांपर्यंत होती, आता एक लाखापर्यंत आहे. गायरानात राहणाऱ्यांनी याची चौकशी जरूर करावी. जागेच्या कागदावाचून मंजूर घरकुलं परत गेलेली मी पाहिली आहेत, आणि ती यादीतल्या सगळ्यांत वरच्या, सगळ्यांत गरजू माणसांची होती.

मंजुरी मिळाल्यावर आमच्या भागात एक वेगळीच अडचण येते. केंद्राच्या योजनेत सपाट भागात घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात, शिवाय रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार. पण पैसे हप्त्यांनी येतात आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेवरून अपलोड झाल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. पहिला हप्ता दसऱ्याच्या सुमारास आला, जोतं अर्धं झालं आणि कुटुंब तोडणीला गेलं, की काम तिथेच थांबतं. दीड हंगाम लोटल्यावर सिमेंट-वाळूचे भाव वाढलेले असतात आणि कार्यालयाकडून वसुलीची नोटीस येते. हप्ता हातात येताच उचल फेडू नका, त्या पैशाला हात लावला की जोतं कधीच वर येत नाही. शक्य असेल तर घरातल्या एकाने त्या वर्षी मागे थांबावं, रोजगार हमीच्या मस्टरवर स्वतःचंच नाव लावून घ्यावं आणि गृहनिर्माण अभियंत्याला जोत्याच्या वेळी बोलावून फोटो काढून घ्यावा. कोणालाच थांबता येत नसेल, तर काम पट्टा पडल्यावर सुरू करतो असं लेखी कळवून पोच ठेवावी.

काकीची नोंद आता स्वतंत्र कुटुंब म्हणून आहे, जॉबकार्ड तिच्या नावाचं आहे. पडताळणी आणि ग्रामसभा पुढे आहे. आमच्या महिला सभेत आम्ही ठराव घातला आहे, की नव्या यादीचं वाचन १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतच व्हावं, तोडणीला गेलेल्या कुटुंबांच्या गैरहजेरीत कोणतंही नाव कमी करू नये आणि कुलूप असलेल्या प्रत्येक घराची मालक परतल्यावर फेरतपासणी व्हावी. ठरावाची नक्कल प्रत्येक मुकादमाच्या टोळीतल्या एका बाईकडे दिली आहे. दुसऱ्या गावांतल्या बायांनी ती मागितली तर आम्ही देऊ. गावाचं नाव बदलून तशीच्या तशी मांडता येईल.