आलेलुया : पन्नास दिवसांचे गाणे



पास्काच्या रविवारी आपले चर्च गाण्यांनी दुमदुमून जाते. पण तिसरा-चौथा रविवार येईपर्यंत काय होते? मे महिन्याची सुट्टी लागते, लग्नसराई सुरू होते, गायकवृंदातील अर्धी बाके रिकामी होतात आणि आलेलुया कसाबसा म्हटला जातो. पास्काचा सण मात्र एका दिवसाचा नाही. पुनरुत्थान रविवारपासून पेंटेकॉस्टपर्यंतचे पन्नास दिवस हा एकच मोठा रविवार आहे, असे ख्रिस्तसभा मानते. म्हणून या काळातील गाण्याचा अर्थ आज आपण समजून घेऊ या.

१. मुका झालेला शब्द परत येतो

'आलेलुया' हा मूळ हिब्रू शब्द. त्याचा अर्थ 'परमेश्वराची स्तुती करा'. राखेच्या बुधवारपासून हा शब्द आपण उच्चारत नाही. पास्काच्या जागरणाच्या रात्री संत पौलाचे पत्र वाचून झाल्यावर धर्मगुरू तो तीनदा गातात, प्रत्येक वेळी सूर चढवत, आणि आपण तो उचलून धरतो. हा शब्द गाण्यासाठीच आहे. शुभवर्तमानापूर्वीचा आलेलुया गायला जाणार नसेल तर तो गाळला तरी चालेल, असे मिस्साग्रंथाच्या सूचनांत म्हटले आहे. नुसता वाचलेला आलेलुया म्हणजे वात असूनही न पेटवलेला दिवा!

२. मरणाच्या छायेतील गाणे

पास्काच्या रविवारी आपण ११८वे स्तोत्र गातो. बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगडच कोनशिला झाला, असे ते सांगते. यहुदी परंपरेत वल्हांडणाच्या भोजनाच्या वेळी ११३ ते ११८ ही स्तोत्रे गातात. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि त्याचे शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेले, असे संत मार्क लिहितो (१४:२६). ते गीत याच स्तोत्रांतील असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपले पास्कागीत सुखाच्या दिवसात जन्मलेले नाही. प्रभूने दुःखसहनाच्या वाटेवर पाऊल टाकले ते गातच.

ज्यांच्या घरी यंदा मरण आले, त्यांना 'या वर्षी आम्ही कसे गाणार?' असे वाटणे स्वाभाविक आहे. मरिया माग्दालियाही कबरेपाशी रडतच उभी होती. अशा वेळी आपल्या शेजारचा माणूस आपल्यासाठी गातो. उपासनेतील गाणे एकट्याचे नसते, ते यासाठीच. ज्याचा कंठ दाटून येतो, त्याच्या वाट्याचा आलेलुया बाकीच्यांनी उचलायचा असतो.

३. गायचे कोणी?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली पवित्र उपासनेविषयीच्या दस्तऐवजात लोकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला. प्रतिसाद, स्तोत्रे आणि गीते लोकांच्या मुखी यावीत, असे त्यात सांगितले आहे. गायकवृंद आपल्याला गाण्यात सोबत घेण्यासाठी असतो, आपल्याऐवजी गाण्यासाठी नव्हे. आपल्या मराठीलाही ही परंपरा नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्तपुराणा'त प्रभूचे जीवन ओवीत गुंफले, कारण ओवी लोकांच्या ओठांवर बसते.

या आठवड्यात आपण काय करू या?

• घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत 'देवदूताच्या प्रार्थने'ऐवजी पेंटेकॉस्टपर्यंत 'स्वर्गाच्या राणी' ही प्रार्थना उभे राहून म्हणू या. जमल्यास गाऊ या.
• ११८वे स्तोत्र कुटुंबात मोठ्याने वाचू या.
• रविवारी आलेलुया सुरू होताच पुस्तक उघडू या आणि तोंडही!

चिंतनासाठी : माझ्या शेजारी, माझ्या वाड्यात, यंदा कोणाला गाणे जड जात आहे? त्याच्यासाठी मी गाईन का?