गुहेत राहतो तो ट्रॉग्लोडाइट?

छत्रपती संभाजीनगरहून इंग्रजी बोलणारे पाहुणे घेऊन अजिंठा-वेरूळला जाताना हा शब्द अधूनमधून कानावर येतो. त्याच्याशी वागता वागता कळलेलं थोडं.

१. कोशातल्या अर्थावर भागत नाही. ग्रीकमध्ये 'बिळात शिरणारा', कोशात 'गुहावासी'. पण इंग्रजी लेखक हा शब्द काढतो तो बहुधा कुणाला तरी नावं ठेवायला. मागासलेला, माणूसघाणा, जगाची खबरबात नसलेला. आपला 'घरकोंबडा' जवळ येतो, पण त्यात थट्टा आहे, इथे तुच्छता.

२. ही तुच्छता फार जुनी. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने आफ्रिकेतल्या गुहावासीयांबद्दल लिहून ठेवलं, की ते साप-सरडे खातात, वटवाघळांसारखे चिरकतात आणि गॅरामँटीस नावाचे लोक चार घोड्यांच्या रथांतून त्यांची शिकार करतात. ज्याची शिकार करायची त्याच्या बोलण्याला आधी चिरकणं म्हणायचं, ही रीत आजही मोडलेली नाही.

३. शास्त्रीय नावावर विसंबू नये. चिंपांझी 'पॅन ट्रॉग्लोडायटीस', आणि झोपतो झाडावर!

४. चांगल्या हाती तोच शब्द वेगळा लागतो. पॉल फसेलने पहिल्या महायुद्धावरच्या आपल्या १९७५च्या पुस्तकात खंदकांवरच्या प्रकरणाच्या नावात हाच शब्द घेतला. बिळात शिरणं त्या सैनिकांनी निवडलं नव्हतं; त्यामुळे शब्दातला टोमणा त्यांना लागत नाही, त्यांना तिथे धाडणाऱ्यांकडे वळतो.

५. कुणी अजिंठ्याच्या भिक्षूंना ट्रॉग्लोडाइट म्हटलं, तर मी शब्दावरून हुज्जत घालत नाही. सरळ बारा नंबरच्या लेण्यात नेतो. पुढची भिंत कोसळलेली, त्यामुळे उजेड आत येतो. तिन्ही बाजूंना चार-चार खोल्या, खोलीत झोपायला दोन दगडी ओटे, दारांवर घोड्याच्या नालाच्या आकाराच्या कमानी. मागच्या भिंतीवर घनामदड नावाच्या व्यापाऱ्याच्या दानाचा लेख. बिळासाठी कोण कशाला पैसे मोजून नाव कोरून घेईल? शिवाय भिक्षूंचा मूळ रिवाज पावसाळ्यापुरत्या मुक्कामाचा; एरवी गावोगाव पायी हिंडायचं. मराठीत कोरीव गुहेलाही लेणं म्हणतात आणि अंगावरच्या दागिन्यालाही. दोन्हींची व्युत्पत्ती निराळी आहे, हे पाहुण्यांना सांगतो. पण शेवटी सांगतो.