सत्तर टक्के कोणाचे?

प्रश्न : मार्च २०२२ मध्ये राज्य सरकारने लसीकरणाची टक्केवारी बघून चौदा जिल्ह्यांतले कोरोनाचे निर्बंध जवळजवळ उठवले. आमचा सातारा त्या यादीत होता. माझी बहीण सोलापुरात असते, तिथे मात्र नियम कडकच राहिले. हा सत्तर-नव्वदचा आकडा येतो कुठून? ७० टक्के लसीकरण झाले की साथ थांबते, असे शास्त्रात काही आहे का? आणि पुन्हा अशी साथ आली तर सरकारने आधीच असे लक्ष्य जाहीर करावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या एका पत्रात तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही एकमेकांत अडकलेले आहेत. आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय तो ठरवावा की नाही हे सांगता येणार नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी तुमच्या आठवणीत एक छोटीशी भर. ४ मार्च २०२२ पासून लागू झालेला तो आदेश नुसत्या लसीकरणावर बेतलेला नव्हता. त्यात चार अटी होत्या : पहिला डोस ९० टक्के लोकांना, दुसरा डोस ७० टक्के लोकांना, चाचण्यांमध्ये बाधित निघण्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या किंवा अतिदक्षता विभागातल्या भरलेल्या खाटा ४० टक्क्यांहून कमी. लोकांच्या लक्षात लसीचाच आकडा राहिला, कारण उरलेल्या अटी त्या वेळी बहुतेक ठिकाणी पूर्ण झालेल्या होत्या. तिसरी लाट ओसरली होती. सोलापूर मागे राहिले ते मुख्यतः डोसांमुळे.

आता ७० टक्के. यामागची मूळ कल्पना सामूहिक प्रतिकारशक्तीची आहे आणि तिचे गणित शाळकरी मुलालाही जमेल असे आहे. एक रुग्ण सरासरी तीन जणांना आजार देत असेल आणि त्या तिघांपैकी दोघांना आधीच संरक्षण असेल, तर आजार एकालाच होईल. म्हणजे साथ वाढणार नाही. तीनपैकी दोन म्हणजे ६७ टक्के. २०२० मध्ये मूळ विषाणूबद्दल अंदाज असाच होता. एक रुग्ण अडीच ते तीन जणांना. त्यातून ६० ते ७० टक्के हा आकडा निघाला, वर्तमानपत्रांत छापून आला आणि लोकांच्या मनात घट्ट बसला.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. डेल्टा आला, आणि तो मूळ विषाणूपेक्षा कितीतरी जास्त पसरणारा निघाला. एक रुग्ण सहा जणांना आजार देतो असे धरले, तर सहापैकी पाच सुरक्षित हवेत, म्हणजे ८३ टक्के. दुसरी गोष्ट अशी की लस घेतलेला प्रत्येक माणूस संसर्गापासून पूर्ण सुरक्षित होतो असे हे गणित गृहीत धरते. समजा लस ८० टक्केच संसर्ग रोखते. मग ८३ ला ०.८ ने भागायचे. उत्तर येते १०४ टक्के! गावातल्या प्रत्येकाला, अगदी पाळण्यातल्या बाळालाही लस दिली, तरी गणित पुरे होत नाही. गोवराच्या बाबतीत ९५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवता येते, कारण ती लस संसर्गच रोखते आणि तिचे संरक्षण वर्षानुवर्षे टिकते. कोरोनाच्या लसींनी संसर्ग काही काळ कमी केला, पण त्यांचे खरे आणि टिकाऊ काम होते ते गंभीर आजार आणि मृत्यू टाळण्याचे.

तेव्हा ७० टक्के झाले की साथ थांबते, हे शास्त्रात नाही. पण म्हणून आकडा निरर्थक ठरत नाही. साथ थांबेल का, हा प्रश्न सोडून देऊन आपण दुसरा विचारू शकतो : निर्बंध उठवल्यावर रुग्णालये पुरी पडतील का? २०२१ च्या एप्रिलमध्ये आपण हादरलो होतो ते खाटा आणि ऑक्सिजन संपल्यामुळे. त्या उन्हाळ्यानंतर, जून २०२१ मध्ये राज्याने पाच टप्प्यांची पद्धत आणली, तेव्हा तिच्या निकषांत लसीचा उल्लेखही नव्हता. फक्त बाधितांचे प्रमाण आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा. माझ्या मते मोजमाप योग्य तेच होते. लसीकरणाची टक्केवारी हा त्या खाटांचा आगाऊ अंदाज आहे. खाटा भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळणे केव्हाही चांगले, एवढाच तिचा उपयोग आणि तो मोठा आहे.

हा उपयोग नीट करून पाहिला तो ऑस्ट्रेलियाने. जुलै २०२१ च्या अखेरीस तिथे सोळा वर्षांवरच्यांपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याचे दोन डोस झाले होते. सिडनीत टाळेबंदी होती, मेलबर्न तर टाळेबंदीत आत-बाहेर करून थकले होते. मेलबर्नच्या डोहर्टी संस्थेने गणिती प्रारूप मांडले आणि त्याच्या आधारे सरकारांनी जाहीर केले : ७० टक्क्यांना निर्बंध सैल, ८० टक्क्यांना आणखी सैल, सरसकट टाळेबंदी जवळपास बंद. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स राज्याने ७० टक्के गाठले आणि ११ ऑक्टोबरला दोन डोस झालेल्यांसाठी दुकाने आणि केशकर्तनालये उघडली. ६ नोव्हेंबरला सगळ्या देशाचे ८० टक्के झाले. तीन महिन्यांत विसावरून ऐंशी! याचे सगळे श्रेय लक्ष्याला देता येणार नाही, कारण लसींचा पुरवठाही त्याच काळात वाढला. पण घरात कोंडलेल्या माणसाला शेवट कुठे आहे हे दिसले आणि तो शेवट आपल्या हाताने जवळ आणता येतो हेही कळले, याचा परिणाम झाला असणारच.

पण याच उदाहरणात पहिला सापळा आहे. ८० टक्के कोणाचे? सोळा वर्षांवरच्यांचे. मुले धरून सगळी लोकसंख्या घेतली तर तेच लसीकरण ६५ टक्क्यांच्या आसपास येते. सिंगापूरने ऑगस्ट २०२१ मध्ये ८० टक्के जाहीर केले ते एकूण लोकसंख्येचे. दोन्ही देशांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे लेख तेव्हा आपल्याकडेही फिरत होते, आणि ते दोन आकडे एकाच मापाचे नव्हते. शिवाय सिंगापूरला ८० टक्क्यांनंतरही, रुग्ण झपाट्याने वाढल्यावर, सप्टेंबरअखेर काही निर्बंध पुन्हा आणावे लागले.

आपल्याकडे तर छेदातला आकडाच डळमळीत होता. २०२१ ची जनगणना झालीच नव्हती. जिल्ह्यात प्रौढ किती हे २०११ वरून अंदाजाने काढलेले. मुंबईत पहिल्या डोसचे प्रमाण १०० टक्क्यांच्या पुढे गेल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. चमत्कार काही नव्हता. ठाणे, पालघर, रायगडहून कामाला येणाऱ्या अनेकांनी लस मुंबईत घेतली. त्यांचा डोस मुंबईच्या अंशात आणि माणूस दुसऱ्या जिल्ह्याच्या छेदात. मुंबई मार्चच्या त्या यादीत होती आणि जिल्हा म्हणून ठाणे नव्हता, हे लक्षात घेतले की असल्या हिशेबाने किती फरक पडू शकतो ते कळते. लोकलच्या डब्यात मात्र दोन्ही जिल्हे रोज खांद्याला खांदा लावून उभे असतात.

दुसरा सापळा सरासरीचा, आणि मला विचाराल तर सगळ्यांत घातक हाच. तुम्ही साताऱ्याचे, तुम्हाला हे चटकन पटेल. तुमच्या जिल्ह्याचा सरासरी पाऊस सांगून महाबळेश्वरच्या माणसाचा काही फायदा नाही आणि माणच्या माणसाचाही नाही. लसीकरणाच्या सरासरीचे तसेच आहे. तिच्यात कोण कोरडे राहिले ते दिसत नाही. २०२२ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये एकूण लोकसंख्येपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोकांचे दोन डोस झाले होते. आकडा वाईट नव्हता. पण ऐंशीच्या पुढच्या वृद्धांपैकी दोन डोस घेतलेले चौथा हिस्साही नव्हते. अनेकांना आणि त्यांच्या मुलांनाही म्हातारपणी लस सोसणार नाही अशी भीती वाटत होती. मग ओमिक्रॉन आला. काही महिन्यांत नऊ हजारांवर माणसे गेली, बहुतेक वृद्ध आणि बहुतेक लस न घेतलेली किंवा अपुरी घेतलेली. त्याच सुमारास न्यूझीलंडमध्येही ओमिक्रॉनची लाट आली. तिथेही आधी संसर्ग फारसा झालेला नव्हता, पण वृद्धांचे लसीकरण जवळजवळ पूर्ण होते. मृत्यूंचे प्रमाण हाँगकाँगच्या तुलनेत फारच कमी राहिले.

यावरून माझे मत असे बनले आहे की लक्ष्य ठेवायचेच तर ते वयाचे आणि जोखमीचे हवे. डेन्मार्कने २०२१ च्या वसंतात तसेच केले. पन्नाशीवरच्या आणि आजारांमुळे जास्त धोका असलेल्या लोकांना पहिला डोस मिळाला की समाज बहुतांशी उघडायचा, असा त्यांचा करार होता. तिशीतल्या धडधाकट माणसाचा एक डोस आणि मधुमेह असलेल्या सत्तरीतल्या आजीबाईंचा एक डोस टक्केवारीत सारखेच मोजले जातात. रुग्णालयातल्या खाटेच्या हिशेबात त्यांची किंमत अजिबात सारखी नाही. सरकारने नुसते जिल्ह्याचे ७० टक्के मागितले, तर यंत्रणा साहजिकच सोप्या लोकांकडे जाते. रांगेत येणारे, मोबाइलवर नोंदणी करणारे. पाड्यावरची अंथरुणाला खिळलेली म्हातारी शेवटी राहते, कारण तिच्यामुळे टक्का हलत नाही.

तिसरी अडचण न्यायाची आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईत दोन डोस होऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली. आता हिशेब करा. १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण १ मेपासून सुरू झाले होते. लसच पुरेशी नसल्याने महाराष्ट्राला ते त्याच महिन्यात थांबवावे लागले. २१ जूनपासून ते देशभर मोफत सुरू झाले. समजा एका तरुणाने त्याच दिवशी कोव्हिशील्ड घेतली. तेव्हा दोन डोसांत किमान ८४ दिवसांचे अंतर सक्तीचे होते. म्हणजे दुसरा डोस १३ सप्टेंबरला, आणि लोकल २७ सप्टेंबरला. पहिल्याच दिवशी रांगेत उभा राहिलेला हा मुलगा, त्याची काहीही चूक नसताना सहा आठवडे कामावर कसा जाणार होता? लक्ष्य लोकांपुढे ठेवायचे असेल तर सरकारने पुरवठ्याचे लक्ष्य आधी स्वतःपुढे ठेवायला हवे, आणि तेही तितक्याच जाहीरपणे.

याच ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी लोक एक समजतात, तो गैरसमजही दूर करू. समाजाची टक्केवारी गाठल्यावर सगळ्यांसाठी निर्बंध उठवणे ही एक गोष्ट. लस न घेतलेल्या व्यक्तीला प्रवेश नाकारणे ही निराळी. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात किमान एक डोस नसेल तर रेशन आणि पेट्रोल नाही असे आदेश निघाले होते, ते दुसऱ्या प्रकारात येतात. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियल खटल्यात सांगितले की कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतात, पण ते परिस्थितीच्या प्रमाणात हवेत, आणि संसर्ग कमी असलेल्या त्या वेळी लस न घेतलेल्यांवर वेगळे निर्बंध प्रमाणात बसत नाहीत. लसीकरण धोरण मात्र न्यायालयाने योग्य ठरवले. रेशन अडवण्याचे समर्थन मला तरी कधीच करता आले नसते. ज्याचा चरितार्थ रेशनवर आहे त्याच्याकडे लस घरी नेऊन देणे शक्य होते, आणि आदेश निघाले त्याच नोव्हेंबरात ‘हर घर दस्तक’ मोहीम त्यासाठीच सुरू झाली होती.

आता शेवटचा भाग : लक्ष्य आधीच जाहीर करावे का? विरोधकांचा आक्षेप असा की विषाणू बदलला की लक्ष्य जुने होते, आणि मग सरकारला एक तर शब्द मोडावा लागतो किंवा चुकीचा शब्द पाळावा लागतो. आक्षेपात तथ्य आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाने ५ फेब्रुवारी २०२२ ही सीमा उघडण्याची तारीख दिली होती. जानेवारीत ओमिक्रॉनमुळे ती रद्द केली आणि लोकांना तिसरा डोस मिळेपर्यंत थांबून ३ मार्चला सीमा उघडली. न्यूझीलंडने प्रत्येक आरोग्य मंडळात ९० टक्के अशी अट घातली होती. काही मंडळे मागे असतानाच डिसेंबर २०२१ मध्ये नवी व्यवस्था लागू केली. दोन्ही सरकारांवर टीका झाली. इंग्लंडने म्हणूनच २०२१ च्या फेब्रुवारीत एकही टक्केवारी दिली नाही. लसीकरणाची प्रगती, लसीची परिणामकारकता, रुग्णालयांवरचा ताण आणि नवे प्रकार अशा चार कसोट्या दिल्या. तरीही शेवटचा टप्पा २१ जूनवरून १९ जुलैवर गेलाच.

असे असूनही माझे उत्तर होकारार्थी आहे. आकडा न सांगणाऱ्या सरकारलाही मनात कुठला तरी आकडा धरावाच लागतो. फरक इतकाच की तो लोकांना तपासता येत नाही. जाहीर लक्ष्य असले की तुमच्यासारखा वाचक पत्र लिहून विचारू शकतो, आमचा जिल्हा का आणि तिचा का नाही. फक्त त्या लक्ष्यासोबत चार ओळी त्याच दिवशी छापून याव्यात : ही टक्केवारी कोणत्या वयाच्या कोणत्या लोकांची, छेदातला आकडा कुठून घेतला, लस पुरवण्याची हमी कोणाची, आणि काय घडले तर हे लक्ष्य बदलले जाईल.

तुमच्या मार्च २०२२ च्या यादीला मी या मापाने काठावर पास करीन. खाटा आणि बाधितांचे प्रमाण तिने धरले होते, हे तिचे बळ. साठीवरच्यांचा वेगळा आकडा मागितला नाही, ही उणीव. आणि तोपर्यंत बहुतेकांना संसर्ग किंवा लस, निदान एकापासून तरी संरक्षण मिळालेले होते. जुलै २०२१ मध्ये जाहीर झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीतच देशात ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली होती. त्यामुळे तुमच्या आणि बहिणीच्या जिल्ह्यांतला खरा फरक कागदावरच्या फरकाहून बराच लहान असावा. २ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यभरातले उरलेले निर्बंधही उठले आणि सोलापूर साताऱ्याच्या बरोबरीला आले.